सावरपाडा एक्स्प्रेस: दहा किलोमीटर, दोन पदकं आणि एक नोकरी

आजच्या भागाचा मजकूर खाली आहे. ट्रेनमध्ये उभे असाल तर ऐका, बसायला जागा मिळाली असेल तर वाचा.

आधी एक काम करा. फोनमध्ये स्ट्राव्हा किंवा पळण्याचं कुठलंही ॲप असेल तर ते उघडा आणि तुमचा आजवरचा सगळ्यात फास्ट किलोमीटर बघा. माझा आहे ५ मिनिटं ४० सेकंदांचा. तोही उतारावरचा, आणि त्यानंतर मी पाच मिनिटं गुडघ्यावर हात ठेवून उभा होतो. आता मनात एक आकडा धरा: ३ मिनिटं ११ सेकंद. एवढ्या वेळात एक किलोमीटर. मग न थांबता दुसरा, तिसरा, असे दहा. ताशी जवळजवळ १९ किलोमीटर. शहरातली सिटी बस ट्रॅफिकमध्ये याहून हळू जाते, अगदी रोज जाते.

२१ नोव्हेंबर २०१० ला, रविवारी, चीनमधल्या ग्वांगझूला आशियाई स्पर्धेत कविता राऊत या स्पीडने धावली. ३१ मिनिटं ५१.४४ सेकंद. रौप्यपदक. ती कुठली? त्र्यंबकेश्वर तालुक्यातली, हरसूल भागातल्या सावरपाड्याची.

त्र्यंबक म्हटलं की आपल्या डोळ्यासमोर काय येतं ते वेगळं सांगायला नको. ज्योतिर्लिंग, कुशावर्त, ब्रह्मगिरी, गोदावरीचा उगम, सिंहस्थ, दर्शनाची रांग आणि पार्किंगवरून भांडण. नाशिकहून साधारण ३० किलोमीटर गेलो की आपण पोचतो आणि तिथूनच परत फिरतो. तालुका मात्र तिथे संपत नाही. मागे डोंगर उतरत गेलात की हरसूलचा पट्टा लागतो. एका गावाचे विखुरलेले आठ-दहा पाडे, भात, नागली, वरई, आणि लोक बहुतेक आदिवासी. मी मूळचा नाशिकचा, त्र्यंबकला किती वेळा गेलो त्याची मोजदाद नाही, पण हरसूलचा फाटा मी कॉलेज संपेपर्यंत कधी धरला नव्हता. नाशिककरांपैकी बहुतेकांचं असंच असतं, असं म्हटलं तर कुणाला राग येऊ नये.

या भागात पाऊस इतका पडतो की जून ते सप्टेंबर छत्रीचा उपयोग नसतो. आणि तरी एप्रिल-मे मध्ये पाणी नसतं. कारण साधं आहे. खाली काळा बेसॉल्ट खडक, त्यात पाणी फारसं मुरत नाही, आणि उतार पश्चिमेकडे. पडलेलं पाणी समुद्राकडे धावत सुटतं. गोदावरी ज्या डोंगरात उगम पावते आणि पुढे १,४६५ किलोमीटर पूर्वेला वाहत जाते, त्याच डोंगराच्या मागच्या अंगाला बायका हंडे घेऊन चालतात. तुम्हाला आठवत असेल, २०२१-२२ च्या सुमारास याच तालुक्यातल्या शेंद्रीपाड्याचे फोटो व्हायरल झाले होते. तास नदीवर एक लाकडी बल्ली टाकलेली, आणि डोक्यावर हंडा घेऊन बायका तिच्यावरून चालताहेत. मग तिथे लोखंडी पूल झाला, आणि तो पुढच्या पावसाळ्यात वाहून गेला.

कविताचा जन्म १९८५ चा. ती लहान असताना तिथे काय परिस्थिती असेल याचा अंदाज यावरून करा.

आता इथे मला जरा थांबायचंय. कारण कविता राऊतबद्दल जे काही वाचायला मिळतं त्यातल्या अर्ध्याअधिक लेखांत एक ठरलेलं वाक्य असतं: लहानपणी डोंगर चढून पाणी आणायची, त्यामुळे पाय तयार झाले आणि ती धावपटू झाली. ऐकायला छान वाटतं. पण आम्ही इंजिनिअर लोक डेटा बघतो तेव्हा पहिला प्रश्न हा विचारतो, की याच कारणाने बाकीच्यांचं काय झालं? डोंगर चढून पाणी आणणाऱ्या मुली त्या एका पट्ट्यात हजारो होत्या. त्या सगळ्यांच्या गळ्यात पदकं आहेत का? नाहीत. त्यांच्यातल्या बहुतेकींना पंचेचाळिशीनंतर मान आणि गुडघ्याचं दुखणं मिळालं. पाणी वाहणं हे ट्रेनिंग नव्हतं, ती गैरसोय होती. तिला ट्रेनिंग म्हटलं की मग नळ न आल्याचं कुणाला वाईट वाटायला नको, हा त्यातला सोयीचा भाग.

तिने स्वतः पळण्याचं जे कारण सांगितलंय ते जास्त पटतं. पळायला पैसे लागत नाहीत. रॅकेट नको, बॅट नको, कोर्ट नको, सुरुवातीला तर बूटही नकोत. ती अनवाणी पळायची. म्हणजे ज्या मुलीकडे काहीच सामान नाही तिला परवडणारा खेळ हा एकच होता.

मग फरक कशाने पडला? नाशिकमध्ये एक मैदान होतं आणि एक माणूस होता. मैदान भोसला मिलिटरी स्कूलचं. माणूस म्हणजे विजेंदर सिंग, स्पोर्ट्स ॲथॉरिटी ऑफ इंडियाचे, म्हणजे ‘साई’चे कोच. लांब पल्ल्याची शर्यत हा असा प्रकार आहे की त्यात टॅलेंट दिसायला वेळ लागतो. शंभर मीटरवाला पोरगा शाळेच्या गॅदरिंगलाच कळतो. दहा हजार मीटरवाली मुलगी कळायला तिला चार-पाच वर्षं रोज पहाटे पळवावं लागतं, तिच्या खाण्याची सोय करावी लागते, घरच्यांना सांगावं लागतं की लग्नाची घाई करू नका. विजेंदर सिंग यांनी हे कविताबाबत केलं आणि नंतरही करत राहिले. संजीवनी जाधव त्यांच्याच हाताखाली तयार झाली. २०१७ ला भुवनेश्वरच्या आशियाई ॲथलेटिक्स स्पर्धेत तिने ५,००० मीटरमध्ये ब्राँझ मिळवलं. दिंडोरीची मोनिका आथरे त्याच वर्षी लंडनच्या जागतिक स्पर्धेत मॅरेथॉन धावली. वाइन, द्राक्षं आणि कांद्यासाठी प्रसिद्ध असलेल्या जिल्ह्यातून देशातल्या चांगल्या लाँग डिस्टन्स धावपटू निघतात, ते तिथल्या हवेमुळे असं काही जण म्हणतात. पण नाशिकची उंची समुद्रसपाटीपासून सहाशे मीटरच्या आसपास आहे. रक्तातल्या तांबड्या पेशी वाढवणारी खरी उंची दोन हजार मीटरच्या वर सुरू होते, म्हणून राष्ट्रीय शिबिरं उटीला घ्यावी लागतात. नाशिकचा फायदा हवेचा नव्हता.

नाशिकच्या पेपरांनी तिला नाव दिलं ‘सावरपाडा एक्स्प्रेस’. नाव चिकटलं. आजही तालुक्यात कविता राऊत म्हटलं तर दोन सेकंद विचार करतील, सावरपाडा एक्स्प्रेस म्हटलं की लगेच.

२०१० कडे येऊ. कारण तिच्या करिअरचा गाभा म्हणजे त्या वर्षातले सात आठवडे.

दिल्लीतली कॉमनवेल्थ. आठवतंय ना, पुलाचा घोटाळा, कलमाडी, गेम्स व्हिलेजमधली घाण, रोज ब्रेकिंग न्यूज. मी तेव्हा शाळेत होतो आणि मला त्या स्पर्धेतला घोटाळा पाठ होता, पदकं नाहीत. ८ ऑक्टोबर, शुक्रवार, जवाहरलाल नेहरू स्टेडियम, महिलांची १०,००० मीटर. म्हणजे ४०० मीटरच्या ट्रॅकला २५ फेऱ्या. टीव्हीवाल्यांना ही शर्यत आवडत नाही, मध्येच कुस्ती दाखवून येतात आणि येईपर्यंत अठरा लॅप झालेल्या असतात.

पहिली आली केनियाची ग्रेस मोमान्यी, ३२ मिनिटं ३४.११ सेकंद. दुसरी केनियाचीच डोरिस चांगेयवो, ३२:३६.९७. या दोघींमागे २८ सेकंदांनी कविता, ३३:०५.२८. मी हिशेब केला: चांगेयवो पोचली तेव्हा कविता साधारण १४० मीटर मागे होती. म्हणजे ही काही फोटो फिनिश नव्हती. केनियाच्या दोघी वेगळ्याच लीगमध्ये होत्या. पण तिसरी जागा कविताची होती, आणि कॉमनवेल्थ स्पर्धेत ट्रॅकवर वैयक्तिक पदक मिळवणारी ती पहिली भारतीय महिला ठरली. पुरुष धरले तरी याआधीचं ट्रॅकवरचं वैयक्तिक पदक कुणाचं, तर मिल्खा सिंग, कार्डिफ, १९५८. मधली ५२ वर्षं ती जागा रिकामी होती.

इथे एखादा म्हणेल, कॉमनवेल्थमध्ये चीन नाही, जपान नाही, इथिओपिया नाही, त्या ब्राँझचं काय एवढं? प्रश्न रास्त आहे. त्याचं उत्तर ४४ दिवसांनी ग्वांगझूमध्ये मिळालं.

आशियाई स्पर्धेत चीन होता, जपान होता, आणि बहरीनचं नागरिकत्व घेतलेल्या इथिओपियन धावपटू होत्या. भारताकडून दोघी: केरळच्या इडुक्की जिल्ह्यातली प्रीजा श्रीधरन आणि आपली कविता. राष्ट्रीय शिबिरात त्या एकत्र सराव करायच्या. लांब पल्ल्याच्या टीमचे कोच होते बेलारूसचे निकोलाय स्नेसारेव्ह, कडक माणूस म्हणून ओळखले जाणारे.

निकाल असा लागला. प्रीजा पहिली, ३१:५०.४७. कविता दुसरी, ३१:५१.४४. बहरीनची शिताये एशेते तिसरी. आशियाई स्पर्धेत लांब पल्ल्याच्या शर्यतीत भारताचं सुवर्ण आणि रौप्य, एकाच शर्यतीत. दोघींमधलं अंतर ०.९७ सेकंद. २५ फेऱ्यांनंतर एका सेकंदाच्या आत! प्रीजाचा तो वेळ पुढे वर्षानुवर्षं राष्ट्रीय विक्रम म्हणून टिकला. म्हणजे त्या दिवशी कविता विक्रमाच्या मागे फक्त ०.९७ सेकंद होती आणि तरीही विक्रमाच्या यादीत तिचं नाव नाही. यादी अशीच असते, एक ओळ.

पण मला यातला दुसरा आकडा जास्त भारी वाटतो. दिल्लीत ३३:०५, ग्वांगझूत ३१:५१. दीड महिन्यात ७४ सेकंदांचा फरक. दिल्लीत प्रत्येक लॅप सरासरी ७९.४ सेकंदांची होती, ग्वांगझूत ७६.५ ची. एका लॅपमागे तीन सेकंद हे ऐकायला किरकोळ वाटतं. तुम्ही कोडिंग करत असाल तर लूपमधली तीन मिलीसेकंद कशी साचत जातात ते माहितीये. इथे ती पायांनी भरावी लागतात, आणि पंचविसाव्या फेरीची तीन सेकंदं पहिल्या फेरीपेक्षा फार महाग असतात. अर्थात दोन्ही शर्यतींची तुलना सरळ करता येत नाही. पदकाच्या शर्यतीत वेळेपेक्षा जागा महत्त्वाची असते. पुढची हळू असेल तर सगळ्याच हळू धावतात आणि शेवटी सुटतात. ग्वांगझूत पुढच्या कुणी हळू धावल्या नाहीत, म्हणून त्या दिवशी तिच्यात काय आहे ते दिसलं.

पाच दिवसांनी, २६ नोव्हेंबरला, ५,००० मीटर. पाय अजून दहा हजारातून सावरलेले नसणार. बहरीनची मिमी बेलेटे १५:१५.५९, प्रीजा १५:१५.८९, कविता १५:१६.५४. पहिली ते तिसरी, सगळं ०.९५ सेकंदात. या पोस्टचं एक वाक्य वाचायला तुम्हाला याहून जास्त वेळ लागतो. कविताला ब्राँझ. दिल्ली धरून सात आठवड्यांत तीन आंतरराष्ट्रीय पदकं.

२०१२ मध्ये तिला अर्जुन पुरस्कार मिळाला. त्याच वर्षी लंडन ऑलिंपिक होतं, आणि तिथे ती नव्हती. लाँग डिस्टन्सचं वय वेगळं असतं. ट्रॅकवरचा वेग कमी व्हायला लागला की धावपटू रस्त्यावर येतात. रस्त्यावर म्हणजे शब्दशः, रोड रेसमध्ये. बंगळुरूची टेन के, दिल्लीची हाफ मॅरेथॉन, मुंबई मॅरेथॉन. या शर्यतींमुळे आपल्याकडे धावण्यात पहिल्यांदा थोडाफार पैसा आला. आयटी कंपन्यांचे टी-शर्ट घालून आपण ज्या शर्यतीत सेल्फी काढत मागे धावतो, त्याच्या पुढच्या टोकाला या मुलींचं वर्षाचं बजेट ठरत असतं. पुढच्या वेळी बिब घ्याल तेव्हा इलाइट गटातली भारतीय नावं एकदा वाचा.

या वर्षांबद्दल मी घाईने पुढे जातोय, कारण इथे पदकांची यादी देण्यापेक्षा मला २०१६ सांगायचंय.

फेब्रुवारी २०१६, गुवाहाटी, दक्षिण आशियाई स्पर्धा. महिला मॅरेथॉनमध्ये कविताला सुवर्ण. वेळ २ तास ३८ मिनिटं ३८ सेकंद. रिओ ऑलिंपिकसाठी पात्रता होती २ तास ४५ मिनिटांची. तिने ती सहा मिनिटं आणि बावीस सेकंदं राखून पार केली. वय ३०. सावरपाड्याची मुलगी ऑलिंपिकला जाणार हे त्या दिवशी ठरलं. मॅरेथॉनला आपल्या चौघी पात्र होत्या: ओ. पी. जैशा, ललिता बाबर, सुधा सिंग आणि कविता. ललिता साताऱ्याच्या माण तालुक्यातली, म्हणजे पावसाच्या बाबतीत त्र्यंबकच्या बरोब्बर उलटं टोक. ललिता आणि सुधा यांनी रिओत स्टीपलचेस निवडली, आणि ललिता तिथे फायनलमध्ये दहावी आली. मॅरेथॉनला उरल्या जैशा आणि कविता.

१४ ऑगस्ट २०१६. जैशा ८९ वी, २:४७:१९. कविता १२० वी, २:५९:२९. पूर्ण शर्यत उन्हात.

त्यानंतर जे झालं ते तुम्हाला कविताच्या निकालापेक्षा जास्त आठवत असेल. जैशा फिनिश लाइनच्या पुढे कोसळली, तिला सलाइन लावावं लागलं. परत आल्यावर तिने सांगितलं की वाटेतल्या भारतीय टेबलांवर पाणी द्यायला कुणीच नव्हतं. फेडरेशनने म्हटलं, खेळाडूंनी आणि कोचनीच वेगळं पेय नको म्हणून सांगितलं होतं. देशभर गदारोळ. आणि त्यात कविताने सांगितलं की तिला स्वतःला वेगळं काही नको होतं, आयोजकांच्या टेबलांवरचं पाणी तिने घेतलं. झालं. दोन गट पडले. ट्विटरवर लोक कविताला फेडरेशनची माणूस म्हणू लागले.

मला विचाराल तर दोघी खरं बोलत असू शकतात. मॅरेथॉनमध्ये दोन प्रकारची टेबलं असतात. एक आयोजकांचं, सगळ्यांसाठी, ठरावीक अंतरावर. दुसरं देशाचं, जिथे तुमची स्वतःची बाटली, तुमच्या सवयीचं पेय, ठेवलेलं असतं आणि तुमचा माणूस उभा असतो. पहिलं असणं आणि दुसरं नसणं या दोन्ही गोष्टी एकाच वेळी खऱ्या असू शकतात. एकीला पहिलं पुरलं, दुसरीला पुरलं नाही. पण चर्चा कोण खोटं बोलतंय यावर झाली, आणि देशाचं टेबल रिकामं का असावं, हा सोपा प्रश्न मागे पडला. दोन धावपटूंना समोरासमोर उभं केलं की व्यवस्थेला पाणी पिऊन निघून जाता येतं.

आणि १२० वा नंबर. कमेंट सेक्शनमध्ये तेव्हा कुणीतरी लिहिलं होतं की ट्रिप मारून आली. माझं सरळ मत: गुवाहाटीतल्या स्वतःच्या वेळेपेक्षा ती जवळजवळ एकवीस मिनिटं मागे पडली, म्हणजे तिचा दिवस वाईटच होता, त्याला चांगला म्हणण्यात अर्थ नाही. पण वाईट दिवशी तिने किलोमीटरमागे ४ मिनिटं १५ सेकंदांनी ४२ किलोमीटर पूर्ण केले, आणि त्या दिवशी कितीतरी जणी शर्यत अर्ध्यावर सोडून गेल्या. शिवाय त्या शर्यतीतलं सुवर्ण जिला मिळालं ती केनियाची जेमिमा सुमगाँग पुढच्याच वर्षी डोपिंगमध्ये सापडली. तिच्या बाबतीत कुणी ट्रिप हा शब्द वापरला नव्हता.

आता नोकरीचा विषय. खेळाडूच्या करिअरबद्दल बोलताना आपण पदकावर थांबतो. घर मात्र पगारावर चालतं.

याला एक लांबचं उदाहरण देतो. २००७ च्या रग्बी वर्ल्ड कपला पोर्तुगालची टीम पहिल्यांदाच पात्र झाली. तिच्यातले बहुतेक खेळाडू हौशी होते, म्हणजे दिवसा दुसरं काम करणारे. कॅप्टन वास्को उवा वकील. रुई कोर्देइरो जनावरांचा डॉक्टर. त्यांची मॅच पडली न्यूझीलंडशी, फुल टाइम प्रोफेशनल, जगातली सगळ्यात दरारा असलेली टीम. स्कोअर १०८–१३. पण त्या तेरामधला ट्राय त्या जनावरांच्या डॉक्टरने मारला आणि स्टेडियम त्याच्यासाठी उभं राहिलं. पोर्तुगाल त्या वर्ल्ड कपचे चारही सामने हरून घरी गेलं, आणि वकील वकिलीला, डॉक्टर दवाखान्यात. १६ वर्षांनी, २०२३ ला, पोर्तुगालने फिजीला २४–२३ ने हरवलं. तोपर्यंत त्यांचे बरेच खेळाडू फ्रान्समध्ये पगारी रग्बी खेळत होते.

आपल्याकडे गणित उलटं आहे. तिथे डिग्री आणि धंदा आधी होता, खेळ त्याच्या बाजूला. इथे सावरपाड्याच्या मुलीसाठी खेळ हाच नोकरीचा दरवाजा. स्पोर्ट्स कोटा. प्रीजा रेल्वेत, कविता ओएनजीसीत. ग्वांगझूची ती शर्यत एका अर्थी रेल्वे विरुद्ध ओएनजीसी होती, आणि रेल्वे ०.९७ सेकंदांनी जिंकली! या कंपन्यांची नोकरी नसती तर भारतात ॲथलेटिक्स टिकलंच नसतं, हे मान्यच करायला हवं. पण नोकरी केंद्राच्या कंपनीत, पोस्टिंग महाराष्ट्राबाहेर, आणि घर नाशिकला. तिला राज्य सरकारची नोकरी हवी होती, आपल्या भागात राहून करता येईल अशी. महाराष्ट्रात आंतरराष्ट्रीय पदकविजेत्यांना क्लास वन पदावर थेट नियुक्ती देण्याचं धोरण आहे. ललिता बाबर त्यातूनच उपजिल्हाधिकारी झाली.

ऑगस्ट २०२४. पॅरिसला कोल्हापूरच्या राधानगरी तालुक्यातल्या स्वप्नील कुसाळेने ५० मीटर रायफलमध्ये ब्राँझ मिळवलं. खाशाबा जाधवांच्या १९५२ च्या हेलसिंकीनंतर महाराष्ट्राचं पहिलं वैयक्तिक ऑलिंपिक पदक, तब्बल ७२ वर्षांनी. राज्य सरकारने एक कोटी जाहीर केले, रेल्वेने त्याला लगेच प्रमोशन दिलं. सगळे खूश, मीही. आणि त्याच दिवसांत कविता राऊत माध्यमांसमोर आली. तिचं म्हणणं असं की माझ्यासोबतच्या आणि माझ्यानंतरच्या खेळाडूंना राज्यात नोकऱ्या मिळाल्या, मी अनेक वर्षं फाइल घेऊन फिरतेय, मला का नाही? मी आदिवासी आहे म्हणून का?

हे ऐकून बऱ्याच जणांनी टायमिंगवर बोट ठेवलं. स्वप्नीलच्या आनंदात ही कशाला रडतेय, वगैरे. मला ते टायमिंग चुकीचं वाटत नाही. खेळाडूंबद्दल आपण वर्षातून किती दिवस बोलतो? ऑलिंपिकचे पंधरा, अजून आठ-दहा. फाइल कुठे अडकली हे विचारायचं तर त्याच दिवसांत विचारावं लागणार. फेब्रुवारीत पत्रकार परिषद घेतली असती तर तीन माणसं आली असती. आणि जातीचा प्रश्न तिने काढला तर तो तिचा अनुभव आहे. त्यावर अमुक नियमात बसत नाही असं उत्तर असेल तर ते लेखी देऊन मोकळं व्हावं. नियम बघून नाही म्हणणं आणि वर्षानुवर्षं काहीच न म्हणणं या वेगळ्या गोष्टी आहेत. ज्यांनी सरकारी पोर्टलवर स्टेटस ‘अंडर प्रोसेस’ बघत दिवस काढलेत त्यांना हे समजावून सांगायची गरज नाही.

खाशाबांचं काय झालं होतं हेही जाता जाता आठवून ठेवा. देशाला पहिलं वैयक्तिक ऑलिंपिक पदक देणारा माणूस १९५५ मध्ये पोलिसांत सब-इन्स्पेक्टर म्हणून लागला, १९८४ मध्ये रस्त्यावरच्या अपघातात गेला, आणि अर्जुन पुरस्कार त्याला मिळाला मरणोत्तर, पदकानंतर जवळपास अर्धं शतक उलटल्यावर. कविताला अर्जुन दोन वर्षांत मिळाला. एवढी सुधारणा नक्की झालीय.

हरसूल भागात आजही पहाटे रस्त्यावर पळणाऱ्या मुली दिसतात. कुणी पोलीस भरतीसाठी, कुणी शाळेच्या स्पर्धेसाठी. मागच्या डिसेंबरमध्ये त्या रस्त्याने गेलो तेव्हा मला सहा-सात जणी दिसल्या, दोघींच्या पायात बूट होते. गाडी थांबवून काही विचारावं असं वाटलं, पण त्या थांबणाऱ्या नव्हत्या आणि मागून दुधाची पिकअप हॉर्न मारत होती.

पुढच्या भागात याच जिल्ह्यातला दुसरा टोकाचा तालुका, चांदवड. दुष्काळी तळेगाव रोहीचा, विहिरी खोदणारा पोरगा दत्तू भोकनळ नौकानयनात ऑलिंपिकपर्यंत कसा पोचला, ते ऐकू. तुमच्या तालुक्यातलं असं कुणी असेल तर नाव आणि वर्ष पाठवा, फक्त व्हॉट्सॲप फॉरवर्ड पाठवू नका. चला, भेटू.